पावसाची रुजुवात

महसूल खात्यातील तलाठ्याच्या नोकरीत ज्याचे उभे आयुष्य फेरफाराच्या नोंदी, सातबाऱ्याचे उतारे आणि पंचनामे लिहिण्यात गेले, त्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर लाकडी पेने घडवण्याचा उद्योग पत्करावा, यात पाहणाऱ्याला नियतीची काही योजना दिसत असेल. मला त्यात योजनेपेक्षा सोयच अधिक दिसली. संगणक येण्यापूर्वीच्या काळात जमिनीचा प्रत्येक कागद हातानेच उतरून द्यावा लागे, आणि दिवसभर चालणाऱ्या त्या लेखनात कोणते पेन बोटांशी सलोख्याने वागते, कोणते तासाभरात मधल्या बोटाला घट्टा पाडते, कोणते पुढच्या अंगाला जड असल्यामुळे अक्षर खाली ओढते, हे सारे ज्ञान न मागता पदरात पडले होते. परंतु चांगले पेन ओळखणे हे एक कसब आणि ते लाकडातून काढणे हे दुसरे; पहिल्याच्या भांडवलावर दुसरे साधत नाही, एवढे कळण्याइतका काळ मी आता लेथपुढे उभा राहिलो आहे, आणि त्या उभे राहण्यात जे काही हाती लागले त्याचा हा जबाब आहे.

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवलीकडे येताना जेथे देवगडचा रस्ता फुटतो, त्या नांदगाव तिठ्याच्या परिसरात माझे घर असून मागच्या पडवीत अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारा एक लहान लेथ बसवलेला आहे. पेनाला लाकूड लागते ते किती! वीतभर लांब आणि अंगठ्याएवढे जाड. एवढा तुकडा कोकणात कोठेही पडलेला सापडतो, आणि म्हणूनच कोणता तुकडा उचलावा हा विवेक कठीण होऊन बसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले, तेव्हा उन्मळलेल्या आंबा, फणस आणि माडांच्या पंचनाम्यांचे काम आमच्या खात्याकडे आले, आणि सरकारी रकान्यांत ज्या झाडांची संख्या मी भरीत होतो, त्यांच्याच पंगतीला आमच्या परसातला एक जुना फणसही जाऊन बसला. माझ्या पहिल्या पेनांचे लाकूड ते. ताजे कापले असता गडद पिवळे दिसणारे आणि उजेडात वर्षभर राहिले म्हणजे तांबूस तपकिरी होत जाणारे फणसाचे लाकूड फारसे हट्टी नसते, हत्याराला बऱ्यापैकी मान देते, आणि शिकाऊ माणसाला एवढी सवलत पुरेशी असते.

आंबा, फणस, चिंच, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही सारी झाडे वृक्षतोडीसंबंधीच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत येतात, त्यांवर कुऱ्हाड घालायची तर रीतसर परवानगी लागते, आणि हा नियम आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलेला असल्यामुळे स्वतःच्या छंदापायी उभे झाड पाडण्याचा विचारही मनाला शिवला नाही. पडलेली झाडे, वखारीतली छाटणी आणि जुन्या घरांचे मोडके वासे यांवरच माझा सारा कारखाना चालतो. त्यामुळे लाकडांचा परिचय झाला तोही पुस्तकी क्रमाने झाला नाही. शिवण हलके, फिकट आणि आज्ञाधारक. चिंचेचा गाभा जांभळट काळा आणि इतका घट्ट की त्यावर नुसते कोरडे फडके फिरवले तरी चकाकी येते. खैर तांबडा, जड, आणि हत्याराची धार अशी खाणारा की एका पेनात दोनदा सहाणेकडे जावे लागते. माडाची तर जातच निराळी. त्याला वर्षागणिक वाढणारी वलये नसतात. फिकट मगजात काळसर तंतूंचे जुडगे उभे रोवलेले असतात, बाहेरच्या कडेला दाट आणि आत जावे तसतसे विरळ, आणि धार जराशी बोथट असली की मगज मागे राहून तंतूच उपटून येतात. म्हणून माड घ्यावा तो म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याकडचा, त्यातही सालीलगतचा, आणि कातण्यापूर्वी त्याला पातळ डिंक पाजून त्याचे तंतू एकमेकांना बांधून घ्यावे, ही रीत पुढे शिकलो.

लाकूड सुकवण्याची पद्धत सर्वत्र एकच सांगितली जाते: दोन्ही टोकांना मेण लावावे, सावलीत हवेशीर ठेवावे, तुकड्यावर तारीख व वजन लिहावे, आणि वजन उतरायचे थांबले म्हणजे तो सुकला असे समजावे. माझ्या कारकुनी स्वभावाला ही नोंदवहीची पद्धत फार मानवली. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेले ते तुकडे डिसेंबरापासून मेपर्यंत निमूटपणे वजन टाकीत गेले आणि नंतर एका आकड्यावर स्थिर झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाचा पाऊस बसला, आणि ज्यांना मी सुकलेले म्हणून दाखल केले होते, ते सारे पुन्हा वजन घेऊ लागले. वर्षाकाठी ज्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तेथे लाकडाचे सुकणे हा कायमचा निकाल नसून केवळ चालू हंगामापुरता अंतरिम हुकूम असतो, ही गोष्ट त्या वहीने शिकवली. आणि पुढे कातण्याची असो वा जिल्हई देण्याची असो, जी जी नवी रीत मी शिकत गेलो, तिला तिला अखेरीस ह्याच प्रश्नाला उत्तर द्यावे लागले.

पेनाची रचना वरून दिसते तितकी साधी नसते. लाकडाच्या चौकोनी ठोकळीला लांबीभर ७ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून त्यात पितळेची पातळ नळी चिकटवायची, आणि मग नळीभोवतीचे लाकूड इतके उतरवायचे की दोन्ही टोकांना ते धातूच्या टोपणाशी व कड्याशी बोटाला न जाणवेल इतके सपाट भिडावे. सडपातळ बांध्याच्या पेनात ह्या टोकांशी लाकूड उरते ते एका मिलिमीटरहूनही कमी. एवढ्या पातळ भिंतीत भोक किंचित वाकडे गेले तर एका बाजूला पितळ उघडे पडते, आणि भोक पाडताना सळई तापली तर लाकूड आतून तडकते, जे पेन पुरे झाल्यावरच दृष्टीस पडते. म्हणून बोटाच्या पेराएवढे आत जाऊन सळई बाहेर काढावी, भुसा झटकावा, पुन्हा आत जावे. ठोकळी गरजेहून लांब ठेवावी, कारण सळई पलीकडे निघताना शेवटचा भाग फोडून निघते, आणि तो फुटका भाग मागाहून कापून टाकता येतो. पितळ आणि लाकूड यांचे उष्णतेशी व ओलाव्याशी नाते भिन्न असल्यामुळे त्यांना जोडणारा डिंकही झटपट सुकणारा नसावा, दोन भाग मिसळून करायचा आणि रात्रभर मुरणारा असावा, म्हणजे दोघांच्या ओढाताणीत तो मध्यस्थासारखा थोडा लवचीक राहतो.

कातण्याच्या बाबतीत जो पहिला नवा धडा मिळाला तो लाकडाचा नव्हे, लोखंडाचा होता. सर्वसाधारण रीत अशी की एका लांब बारीक सळईवर पेनाचे दोन्ही भाग ओवायचे, मध्ये व टोकांना पोलादी बुश घालायचे, आणि मागून चाकी आवळून सारे एकदम फिरवायचे. ही सळई, जिला लेथवाले मॅन्ड्रेल म्हणतात, चाकी जराशी अधिक आवळली की मध्यभागी केसाच्या जाडीइतकी बाक घेते, आणि तेवढ्या बाकाने नळीभोवतीचे लाकूड एका अंगाला जाड व दुसऱ्या अंगाला पातळ उतरते; डोळ्यांना गोल दिसणारे पेन धातूशी भिडताना एका बाजूला पायरी दाखवते. यावरची नवी युक्ती म्हणजे सळईच वर्ज्य करायची: प्रत्येक भाग स्वतंत्रपणे, त्याच्या दोन्ही तोंडांत बुश बसवून, लेथच्या पुढच्या व मागच्या ६० अंशांच्या टोकदार आधारांमध्ये थेट धरायचा. वेळ दुप्पट लागतो, परंतु गोल वस्तू खरोखरीच गोल येते. मधला दलाल काढून टाकला म्हणजे व्यवहार सरळ होतो, हे महसुलात अनेकदा पाहिलेले असल्यामुळे ही युक्ती पटायला मला वेळ लागला नाही.

लाकडाचा धडा मिळाला तो सावंतवाडीकडे. मोती तलाव आणि राजवाडा यांच्या त्या गावातली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी, विशेषतः हुबेहूब रंगवलेल्या लाकडी फळांसाठी, अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा व लाखकामाच्या मावळत्या कलेला राजवाड्यातच आश्रय दिल्यामुळे ती तगली, हेही जाणकारांना माहीत आहे. त्या परिसरातल्या एका वृद्ध मेस्त्रींकडे मी जाऊ लागलो. त्यांच्या वडिलांच्या काळी लेथ दोरीचा असे. एकाने दोरी आलटून-पालटून ओढायची, लाकूड पुढे-मागे फिरायचे, आणि ते कातणाऱ्याच्या दिशेने येत असेल तेवढ्याच अर्ध्या फेरीत हत्यार लावायचे, उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे घ्यायचे. मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या घेणाऱ्या मोटारीच्या लेथवर ही सक्तीची विश्रांती उरलेली नाही, आणि मेस्त्रींच्या मते आजच्या शिकाऊंचा हात बिघडतो तो येथेच. यंत्र थांबत नाही म्हणून माणूसही थांबत नाही.

त्यांनी माझ्या हातातली खरवडायची पटाशी काढून घेतली आणि तिरकस धारेची दिली. खरवडणारे हत्यार लाकडाला आडवे भिडते आणि तंतू मोडीत जाते. त्यातून निघतो तो भुगा. तिरकस पटाशी लाकूड कापते. आधी धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा, इतका हलका की हत्यार केवळ घासल्याचा आवाज यावा. मग मूठ किंचित उचलीत जायचे, तोवर की धार लाकडाला लागून पहिली पातळ साल सुटू लागेल. आणि मग कमरेपासून सारे शरीर बाजूला सरकवीत ती कापणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, हात मात्र अंगालगत जखडलेले. कापणी धारेच्या मध्याच्या जराशी खालीच ठेवावी लागते. वरचे लांब टोक लाकडात घुसले तर ठोकळी आधारातून उडून जाते. मी नेटाने हत्यार रेटीत असलेला पाहून मेस्त्री एवढेच म्हणाले, "तात्यानू, दाबू नकात, लाकूड आपसूक येता." दाबणे सोडल्यावर जे घडले ते आजही मला विलक्षण वाटते: आवाज खरखरीवरून सळसळीवर आला, भुग्याच्या जागी मनगटाला गुंडाळता येईल अशी लांब, अर्धपारदर्शक साल निघू लागली, आणि तिच्याखाली उघडा पडलेला फणस काचकागद न लावताच चमकत होता. जिल्हईची सुरुवात धारेतच होते, हे त्यांचे सूत्र मला त्या क्षणी कोणी निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

तरीही काचकागदाला रजा देता येत नाही. धार उत्तम असेल तर २२० क्रमांकापासून, नसेल तर १५० पासून आरंभ करून ६०० पर्यंत पायरी न गाळता जावे लागते, कारण प्रत्येक जाड कागदाचे ओरखडे पुढच्या बारीक कागदानेच पुसले जातात, आणि एक पायरी गाळली तर ते ओरखडे जिल्हईखाली कायमचे दाखल होतात. येथेही एक बारकावा असा की लेथ फिरत असता पडलेले ओरखडे पेनाभोवती वर्तुळाकार पडतात व तंतूंना काटकोनात छेदतात; म्हणून प्रत्येक क्रमांकानंतर लेथ बंद करून तोच कागद तंतूंच्या दिशेने, टोकापासून टोकापर्यंत, हाताने ओढायचा, भुसा पुसायचा, आणि मगच पुढचा क्रमांक घ्यायचा. शिसवासारख्या लाकडाचा भुसा नाकातोंडात गेल्यास त्रास देतो, त्यामुळे तोंडावर मुसके बांधल्याखेरीज हे काम करू नये.

मग खरी जिल्हई. मेस्त्रींची वडिलोपार्जित रीत लाखेची होती. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक जो चिकट स्राव सोडतो, तो गाळून लाख तयार होते. ह्या एका जिनसेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली, यावरून तिचे महत्त्व ध्यानी यावे. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते, आणि नंतर काटे काढलेली केवड्याची पात तिच्यावरून दाबून फिरवली म्हणजे तो थर एकसारखा पसरून चकाकतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणीवालेही केवड्याच्या जातीची पातच वापरतात, फक्त त्यांचे लाकूड काळ्या कुड्याचे असते. आता परदेशी पेनकारांकडून आलेली जी 'घर्षणाची जिल्हई' नवी म्हणून शिकवली जाते, तीत चपडी लाख स्पिरिटात विरघळवून, थोडे तेल वा मेण मिसळून, चिंधीने फिरत्या लाकडावर दाबतात. कीटक तोच, उष्णता तीच, केवड्याच्या जागी फडके आणि कांडीच्या जागी बाटली आली एवढेच. चकाकी क्षणात येते, लाकडाचा रंग सखोल दिसतो, आणि हाताला ती ऊबदार लागते. तिचा अवगुण असा की बोटांच्या घामाने ती धरण्याच्या जागी मंद पडत जाते, आणि हातावर चोळायच्या जंतुनाशकांचा सुळसुळाट झाल्यापासून तर तिचे वैरीच घरोघर झाले, कारण त्यांतले मद्यार्क लाखेला पुन्हा विरघळवते.

दुसरी रीत सर्वस्वी आपल्या काळाची आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमपट्टीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधीत असता त्यांना एक द्रव्य सापडले, जे ज्याला लागे त्याला चिकटून बसे म्हणून त्यांनी बाजूला ठेवले. पुढे १९५८ मध्ये तेच झटपट डिंक म्हणून बाजारात आले आणि आज गल्लीतल्या दुकानातही लहान नळीत मिळते. ह्या डिंकाचे पातळ थेंब कागदाच्या घडीवर घेऊन फिरत्या पेनावर थरावर थर चढवायचे, मग पाण्याने भिजवलेल्या अतिसूक्ष्म कागदांनी १२००० क्रमांकापर्यंत घासत जायचे. शेवटी लाकडावर काचेचे कवच चढल्याचा भास होतो. घडी कागदाचीच हवी, कापसाच्या चिंधीची नव्हे, कारण सुती कापडात हा डिंक मुरला की कापड एवढे तापते की धूर निघतो व बोट भाजते. कवच टिकाऊ, घामाला न जुमानणारे. परंतु हात लाकडाला लागतच नाही, लागतो तो कवचाला. तिसरी रीत सर्वांत जुनी: जवसाचे उकळलेले तेल आणि मधमाशांचे मेण. तिला तेज कमी, पण बोटाखाली लाकूड लाकूडच राहते.

ह्या तिन्हींतली कोणती घ्यावी, हे मी मेस्त्रींना विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातले पेन उन्हात धरून पाहिले आणि परत दिले. "आधी पावसाक दाखवा," ते म्हणाले, "मगे गिरायकाक."

मी ते अक्षरशः घेतले. प्रत्येक लाकडाची व प्रत्येक जिल्हईची नमुन्याची नळी करून, तिच्यावर खूण घालून, सारे नमुने पावसाळाभर उघड्या पडवीत एका तारेवर टांगले आणि शेजारी रकाने पाडलेली वही ठेवली: लाकूड, झाडाचे ठिकाण, कातल्याची तारीख, जिल्हईचा प्रकार, जिल्हईच्या दिवशीची हवा, आणि शेवटी सातबाऱ्यात असतो तसा शेऱ्याचा रकाना. आश्विनात जेव्हा ह्या वहीची रुजुवात घेतली, तेव्हा प्रत्येक रीतीचा स्वभाव कागदावर उतरलेला होता. फेब्रुवारीत चढवलेली लाख शाबूत राहिली, परंतु झडीच्या दिवसांत चढवलेली दुधाळ झाली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते, आणि ती लाखेत अडकून पांढुरकी छटा कायम होते. झटपट डिंकाचे तर याहून चमत्कारिक. तो ओलाव्यानेच आळतो, म्हणून जुलैत तो चढवू जावे तर पसरायच्या आधीच बसू लागतो आणि भोवती राखेसारखा पांढरा थर टाकतो; कोरड्या हवेत चढवलेले कवच मात्र अंगावर तसेच स्वच्छ राहिले, फक्त टोकांशी, जेथे लाकडाचे कापलेले तोंड उघडे होते, तेथे ते उचलले गेले होते. तेल-मेणाचे नमुने हाताला सर्वांत गोड, पण जवसाच्या तेलावर बुरशीचे ठिपके धरले होते.

टोकांचा हा साक्षीपुरावा मला सर्वांत मोलाचा वाटला. लाकूड पाणी पिते ते अंगाने थोडे आणि तोंडाने फार. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ओलावा आडव्या दिशेपेक्षा अनेक पटींनी वेगाने शिरतो, आणि पेनाचे ते तोंड धातूच्या कड्याखाली झाकलेले असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हापासून धातूचे भाग दाबून बसवण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या कापलेल्या वर्तुळावर पातळ डिंकाचा एकेक थेंब फिरवून ती तोंडे मी बंद करतो. अर्ध्या मिनिटाचे काम. पण ज्या पुस्तकांतून मी शिकलो ती कोरड्या हवेच्या मुलखांत लिहिलेली असल्यामुळे त्यांत त्याचा उल्लेख ओझरताच आढळतो. त्याच वहीच्या आधारे कामाचे वेळापत्रकही ठरले. माझ्या पडवीला आता भातशेतीसारखे हंगाम आहेत: पावसाळ्यात ठोकळ्या चिरायच्या, भोके पाडायची, हवे त्याहून जाड असे ओबडधोबड कातून ठेवायचे, दिवाळीनंतर लाकूड ओलावा टाकून आपले अंग आवळते, तेव्हा शेवटची कापणी द्यायची, आणि लाख चढवायची ती मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या दुपारी.

ह्या ओलाव्याविषयी विचार करताना जपानचे उदाहरण वारंवार मनात येते. तेथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या नामिकी यांच्या कंपनीने पेनांवर उरुशी नावाच्या वृक्षाच्या चिकाची जिल्हई व तीवर सुवर्णचूर्णाची नक्षी देण्याची कला जगप्रसिद्ध केली. हा चीक कोरड्या हवेत आळतच नाही. त्याला मुद्दाम ओल्या ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवावे लागते, म्हणजे जी हवा आमच्या लाखेची शत्रू, तीच त्याची दाई. आणि हा वृक्ष आपल्याला अगदीच परका नाही. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातला तो आहे. आंब्याच्या चिकाने ज्याचे ओठ उठले आहेत, काजू भाजताना टरफलाचे तेल उडून ज्याच्या हाताची कातडी गेली आहे, त्या कोकणी माणसाला उरुशीने कारागिरांच्या अंगावर येणारे पुरळ निराळे समजावून द्यायला नको. काजूच्या टरफलाचे तेल लाकूड टिकावे म्हणून होड्यांना व वाशांना फासण्याची चाल आपल्याकडे आहेच. बोटांत धरायच्या वस्तूला ते फासण्याचे धाडस मी करणार नाही; परंतु जपान्यांनी आपल्या पावसाला टाळण्याऐवजी त्याला कामाला लावले, हा विचार मला कोणत्याही तंत्रापेक्षा अधिक मोठा वाटतो.

शाईच्या पेनाचा अध्याय याहून कठीण आहे, आणि तो मी अजून गिरवतो आहे. बॉलपेनाच्या पोटात कांडी असते, तिचा लाकडाशी संबंध येत नाही. शाई मात्र लाकडाला लागली की लाकूड ती पिते, फुगते आणि आट्यांत अडकून बसते. म्हणून शाई जेथे जेथे स्पर्श करील तेथे लाकूड येऊ द्यायचे नाही: बोटांनी धरायचा पुढचा भाग व आतली वाटी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची, करायची, आणि लाकूड बाहेरच्या अंगरख्यापुरते ठेवायचे. आंध्रातल्या राजमहेंद्री येथे रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने १९३० च्या दशकात अशी एबोनाइटची हातघडणीची पेने करण्यास आरंभ केला, आणि तेथील परंपरा अजून चालू आहे. त्यात आटे पाडण्याचे काम फार नाजूक. टॅप हातानेच, अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे, असा फिरवावा लागतो, आणि त्या पुढे-मागे होण्यात मला मेस्त्रींच्या वडिलांचा दोरीचा लेथ आठवल्याखेरीज राहत नाही.

शिकण्याची साधने आज इतकी मुबलक आहेत की जगाच्या दुसऱ्या टोकाचा पेनकार आपल्या हातांची हालचाल मला माझ्या पडवीत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवतो, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. परंतु त्याची हवा त्या पडद्यातून येत नाही. त्याने ज्या लाकडावर, ज्या ऋतूत, ज्या कोरड्या खोलीत ती रीत सिद्ध केली, ते सारे तिकडेच राहते. माझ्यापर्यंत येतो तो केवळ मसुदा, आणि त्याला मंजुरी मिळते ती येथल्या जून ते सप्टेंबरात. कोणतेही तंत्र शिकायला एक दुपार पुरते, ते आपले व्हायला मात्र एक संपूर्ण वर्ष लागते, आणि ह्या वर्षात तडजोड होत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गिऱ्हाइके येतात, बहुधा महामार्गावरून जाणारी. पेन हातात घेऊन किंमत अधिक वाटते असे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते, कारण त्या किमतीत एक पावसाळा धरलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून कणकवलीच्या कॉलेजातला एक तरुण शनिवार-रविवारी शिकायला येतो. हात चांगला आहे, तिरकस पटाशी माझ्यापेक्षा लवकर वश झाली, आणि डिंकाचे कवच तर असे चढवतो की मला चष्मा लावून दोष शोधावा लागतो. परवा त्याने विचारले, "तात्या, माझी पेने विकायला कधी ठेवायची?" त्याचे नमुने मी त्याच्याच हाताने तारेवर टांगायला लावले आहेत, वहीत त्याचे स्वतंत्र पान उघडून दिले आहे, आणि त्याला ऑक्टोबराची तारीख दिली आहे.